३८१-अ : विहीर, डास आणि सेप्टिक टँक

एक प्रश्न विचारतो. मुंबईत स्वतःच्या जागेत विहीर किंवा बोअरवेल खणायची असेल, तर महापालिकेत परवानगीसाठी कुठल्या खात्याकडे जायचं? ऑफिसात जेवणाच्या टेबलावर हा प्रश्न टाकून पाहिला. एकजण म्हणाला पाणी खातं, दुसरा म्हणाला बिल्डिंग प्रपोजल. तिसरा (जो सगळ्या प्रश्नांना हेच उत्तर देतो) म्हणाला, "नगरसेवकाला भेटायचं, बाकी कोणी नाही."

बरोबर उत्तर आहे कीटकनाशक खातं. म्हणजे पावसाळ्यात धुराचं यंत्र घेऊन येतात ते, डासवाले.

माझ्या डोक्यात हे आलं एप्रिल २०२५च्या टँकर संपामुळे. पालिकेने विहीर आणि बोअरवेल मालकांना नोटिसा काढल्या, केंद्रीय भूजल प्राधिकरणाचा दाखला आणा म्हणून सांगितलं, आणि १० एप्रिलपासून टँकरवाल्यांनी संप केला. चार दिवसांत सोसायट्यांची पळापळ झाली, पालिकेने थेट २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा लावून टँकर आणि विहिरी ताब्यात घेण्याची तयारी केली, मग संप मिटला. बातम्यांमध्ये एक आकडा सारखा येत होता, तो म्हणजे कलम ३८१-अ. कायदा १८८८चा, आपला मुंबई महापालिका कायदा. मी तो उघडला. ३८१ हे कलम साचलेल्या पाण्याच्या उपद्रवाबद्दल आहे. त्याला मागाहून जोडलेलं ३८१-अ सांगतं की कमिशनरच्या लेखी परवानगीशिवाय नवी विहीर, तलाव, टाकी, अगदी कारंजंसुद्धा बांधायचं नाही.

कारंजं? आपल्या धंद्यातला माणूस असा 'अ' पाहिला की लगेच ओळखतो. हा पॅच आहे. आधी कोड लिहिला गेला, मग प्रॉडक्शनमध्ये काहीतरी फुटलं, मग कोणीतरी ही ओळ घुसवली. तर मंडळी, फुटलं काय होतं ते पाहू.

विहिरींचं शहर

जुनी मुंबई विहिरी आणि तलावांवर जगत होती. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दोन टाकी, खारा तलाव ही नावं त्याच काळाची उरलेली खूण. तलाव बुजले, बसस्टॉपवर नावं राहिली. १८६० साली विहारचं पाणी नळाने शहरात आलं, १८७९ला तुळशीचं आणि १८९२ला तानसाचं. पण नळ आला म्हणून कोणी विहीर बुजवत नाही. नळ बेभरवशाचा, विहीर घरची. शिवाय विहीर म्हणजे नुसतं पाणी नव्हे. पारशी अग्यारीतल्या विधींना विहिरीचंच पाणी लागतं. हिंदू घरांत पूजेला तेच, आणि बऱ्याच ठिकाणी विहिरीलाच हळदीकुंकू. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ सालची आहे. तीनशे वर्षं झाली, अजून चालू आहे.

१८९७च्या ऑगस्टमध्ये रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला. मग दहा-पंधरा वर्षांत जगभरच्या नगरपालिकांना एकदम नवं काम लागलं, ते म्हणजे डास शोधणं. मुंबईत हे काम डॉ. चार्ल्स बेंटली यांच्याकडे आलं. त्यांचा अहवाल १९११चा. तोवर समज असा की मलेरिया म्हणजे दलदल, भातखाचरं, शहराबाहेरची घाण. बेंटलींनी बोट ठेवलं ते भरवस्तीतल्या, सुखवस्तू लोकांच्या वाड्यांमधल्या स्वच्छ विहिरींवर.

कारण मुंबईतला मुख्य गुन्हेगार होता ॲनोफिलीस स्टीफन्साय. या डासाला गटार आवडत नाही. त्याला स्वच्छ, साठवलेलं पाणी लागतं. विहीर, गच्चीवरची टाकी, हौद आणि हो, कारंजं. तो पक्का शहरी डास आहे. (गेल्या काही वर्षांत तो आफ्रिकेत पोहोचलाय, २०१२ साली जिबुतीत सापडला, आणि तिकडच्या शहरांची झोप उडालीय.) म्हणजे ३८१-अ मधली यादी कोणा कारकुनाची हौस नव्हती. ती स्टीफन्सायच्या घरांची यादी आहे.

झाकण लावा

मग पालिकेने विहिरी बुजवा किंवा बंद झाका म्हणून नोटिसा काढायला सुरुवात केली, आणि गोंधळ उडाला. आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो तसा 'अडाणी जनता विरुद्ध विज्ञान' असा हा सामना नव्हता. विरोध करणाऱ्यांत शिकलेले, पैसेवाले, करदाते लोक होते. धर्माचा मुद्दा होताच, पण हिशेबाचाही होता. नळाचं पाणी तुमच्या हातात, विहीर माझ्या हातात. ती बंद करून मी तुमच्या भरवशावर राहू?

या सगळ्या भांडणाचा एक मजेदार साक्षीदार आहे. रुस्तम पेस्तनजी मसानी. हे गृहस्थ मुंबई म्युनिसिपालिटीचे सेक्रेटरी होते आणि पुढे म्युनिसिपल कमिशनरही झाले. विहिरी बंद करू नका म्हणून लोक काय काय कारणं देतात हे पाहून त्यांना विषयाचाच नाद लागला, आणि १९१८ साली त्यांनी विहिरींच्या लोकसमजुतींवर एक अख्खं इंग्रजी पुस्तक काढलं. आपल्याकडे साती आसरा सांगतात ना, तसे विहिरीत राहणारे रखवालदार, कोपले तर घराचं वाटोळं करणारे, असल्या कथा त्यात आहेत. ज्या ऑफिसातून नोटिसा निघायच्या त्याच ऑफिसातला माणूस हे लिहितोय. मला हे फार आवडलं. तक्रारींचा ढीग पाहून वैतागण्याऐवजी त्याने त्या वाचल्या.

शेवटी मधला मार्ग निघाला. विहिरीला झाकण, झाकणात पाणी काढण्यापुरतं दार, डास शिरू नये म्हणून बारीक जाळी. कुठे विहीर बुजली, कुठे वाचली. १९२८ साली गॉर्डन कोव्हेल यांना मुंबईच्या मलेरियावर पुन्हा नवा अहवाल लिहावा लागला, म्हणजे काम एका फटक्यात संपलं नव्हतं हे उघड आहे. पण एक गोष्ट कायमची बसली. पालिकेचा माणूस तुमच्या कंपाउंडमध्ये येऊन तुमच्या मालकीच्या पाण्यात डोकावू शकतो, आणि तुम्ही त्याला अडवू शकत नाही. आजही तो येतो, टाकीला शिडी आहे का, झाकण घट्ट आहे का बघतो, नसलं तर नोटीस.

मी इतकं वाचून खूश होतो. मग वाटलं, कंपाउंडमध्ये जमिनीखाली पाण्याची आणखी एक टाकी असते. तिच्यात कोण डोकावतं?

दुसरी टाकी

मुंबईत ड्रेनेज लाइन येण्याआधी संडास म्हणजे टोपली, आणि ती उचलणारा माणूस. दोन इमारतींमधली ती अंधारी चिंचोळी घरगल्ली त्याच्यासाठीच होती. १८८८च्या कायद्यात या कामासाठी वेगळा 'हलालखोर कर' होता. कर घरमालकाने भरायचा, मैला एका ठराविक जातीच्या माणसाने डोक्यावर वाहायचा, अशी व्यवस्था. ती कायद्याने लिहून काढलेली होती हे वाचून जरा थांबायला होतं.

सेप्टिक टँक हा यावरचा खरं तर चांगला तोडगा. १८९५ साली इंग्लंडमध्ये एक्सेटरच्या डोनाल्ड कॅमेरॉनने त्याचं पेटंट घेतलं, आणि पाठोपाठ तो मुंबईत आलाही. कुठे? माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात. हा आश्रम १८९०चा, त्या वेळचे म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने झालेला. (होय, तेच ॲकवर्थ, ज्यांनी शाळिग्रामांबरोबर १८९१ साली मराठी पोवाड्यांचा संग्रह काढला. तेव्हाच्या कमिशनरांना वीकेंड होते असं दिसतं.) जागा शहराबाहेर, ड्रेनेज नाही. त्यामुळे तिथे टाक्या बांधल्या गेल्या, आणि त्यातून निघणारा गॅस गोळा करून वापरलाही गेला. गोबरगॅसच्या इतिहासात माटुंग्याचं नाव येतं ते यामुळे.

टाकीचं तंत्र सोपं आहे. मैलापाणी एका बंद टाकीत थांबतं. जड गाळ खाली बसतो, तेलकट साय वर येते, मधलं पाणी पुढे शोषखड्ड्यात जातं. हवेशिवाय जगणारे जंतू गाळ खात राहतात आणि गॅस सोडतात. त्यात एक मिथेन, दुसरा हायड्रोजन सल्फाइड. पण जंतू सगळा गाळ संपवू शकत नाहीत. गाळ साचतो, टाकी भरते आणि मग घाण तशीच पुढे जमिनीत जाते. म्हणून आपल्या आयएस २४७० या मानकात शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर लांब हवा असं आहे, आणि टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायला हवी हे तर सगळेच सांगतात. उपसतं कोण? वास यायला लागला किंवा फ्लश उलटा आला की मगच आपल्याला टाकी आठवते.

आणि ती उपसायला माणूस आत उतरला तर काय होतं? हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास असतो हे शाळेत शिकलो. हे नव्हतं शिकवलं की तो जास्त झाला की नाकाची वास घ्यायची ताकदच आधी जाते. म्हणजे अलार्म वाजतो आणि धोका वाढल्यावर बंद पडतो. गाळ ढवळला की अडकलेला गॅस एकदम बाहेर येतो. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा.

डिसेंबर २०१९मध्ये गोवंडीत एका खाजगी सोसायटीची सेप्टिक टँक साफ करताना तीन कामगार असेच गेले. त्यांच्या बायका हायकोर्टात गेल्या. सरकारचं म्हणणं साधारण असं की सोसायटी खाजगी, कंत्राटदार खाजगी, आमचा काय संबंध. २०१३च्या कायद्याने सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेणं हा गुन्हा ठरवलेला आहे, खाजगी असो की सरकारी. सुप्रीम कोर्टाने २०१४ साली अशा मृत्यूंना १० लाखांची भरपाई ठरवून दिली होती. सप्टेंबर २०२१मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की आधी सरकारने प्रत्येकीला १० लाख द्यावेत, मग जबाबदार माणसांकडून वसूल करावेत. २०२३ साली सुप्रीम कोर्टाने हीच रक्कम ३० लाखांवर नेली.

फरक कुठे पडला?

आता दोन्ही टाक्या शेजारी ठेवा. दोन्ही खाजगी जागेत, दोन्ही जीवघेण्या. एकीसाठी शंभर वर्षांपूर्वी पालिकेने धर्म, मालकी, करदाते सगळ्यांशी भांडण घेतलं, इन्स्पेक्टर नेमले, कलमाला पॅच मारला. दुसरीसाठी बांधताना नकाशावर शिक्का मारला, आणि त्यानंतर ती मालकाची खाजगी बाब.

मला याचं कारण फार गुंतागुंतीचं वाटत नाही. फोर्टातल्या विहिरीतला डास शेठजींनाही चावायचा आणि साहेबालाही. सेप्टिक टँक ज्याच्या मालकीची असते त्याला ती मारत नाही. जो आत उतरतो त्याला मारते, आणि तो कोणाच्या घरचा असतो हे हलालखोर करापासून ठरलेलं आहे. जी घाण जमिनीतून झिरपून दुसऱ्याच्या विहिरीत जाते तिचाही दाखला कोणाकडे नसतो.

हे बदलता येत नाही असं मात्र नाही. उदाहरण शोधायला परदेशात जायचं कारण नाही, आपलं वाई आहे. कृष्णाकाठचं छोटं शहर, घरोघरी सेप्टिक टँक. तिथल्या नगरपरिषदेने २०१८पासून साधा नियम केला. तक्रारीची वाट बघायची नाही. दर तीन वर्षांनी पाळीपाळीने प्रत्येक टाकी सक्शन गाडीने उपसायची, गाळ नदीत न सोडता प्रक्रिया केंद्रावर न्यायचा, आणि पैसे एकदम मागण्याऐवजी दरवर्षीच्या छोट्या स्वच्छता करातून घ्यायचे. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही हाच रस्ता धरला. आपल्या भाषेत सांगायचं तर सिस्टिम कोसळल्यावर धावाधाव करण्याऐवजी कॅलेंडरवर मेंटेनन्स. यात थोर तंत्रज्ञान काहीही नाही. एक यादी, एक वेळापत्रक, एक गाडी, आणि 'ही टाकी आमची जबाबदारी' असं म्हणणारं ऑफिस.

त्या यादीशिवाय इन्स्पेक्टर पाठवणार तरी कुठे? १९११ साली विहिरींचं काम पुढे गेलं ते आधी कोणीतरी वाडीवाडीत फिरून विहिरी पाहिल्या, नोंदल्या म्हणून.

तुम्ही उपनगरात, नव्या मुंबईच्या कडेला, वाकड-बावधनला किंवा आणखी लांब 'सेकंड होम'च्या प्लॉटवर राहत असाल, तर सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला पार्किंगचा विषय निघायच्या आधी चार प्रश्न विचारा. आपली लाइन ड्रेनेजला जोडलेली आहे की टाकी आहे? टाकी कुठे आहे, आणि विहीर किंवा बोअर तिथून किती लांब? शेवटची कधी उपसली? आणि उपसली तेव्हा गाडी आली होती, की कोणीतरी दोरी बांधून आत उतरला होता? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक लोक खाली बघतात. उत्तर मिळेपर्यंत बसायचं नाही, इतकंच.

असो. आज बरंच लांबलं. पुढच्या शनिवारी हलक्या विषयावर लिहीन म्हणतो.