एका फाइलसिस्टीमच्या चाचण्या सगळ्यांच्या कशा झाल्या

लिनक्सच्या जगात ईएक्सटी४, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या फाइलसिस्टीम एकमेकींच्या स्पर्धक. पण तिघींची परीक्षा घेणारा चाचणीसंच एकच, 'एक्सएफएसटेस्ट्स' ऊर्फ 'एफएसटेस्ट्स'. नावावरूनच कळतं की तो मूळचा एक्सएफएसच्या घरचा. सिलिकॉन ग्राफिक्स म्हणजे एसजीआय कंपनीने ही फाइलसिस्टीम आपल्या आयरिक्स प्रणालीसाठी बनवली, १९९९मध्ये ती खुली करण्याचं जाहीर केलं आणि ती लिनक्सवर आणली. या संचातल्या सर्वांत जुन्या स्क्रिप्टवर २०००चा एसजीआयचा स्वामित्वहक्क आजही नोंदलेला दिसतो. पुढे २००९मध्ये एसजीआय दिवाळखोरीत गेली. चाचण्या मात्र टिकल्या आणि परक्या फाइलसिस्टीमनीही त्या आपल्याशा केल्या. हे घडलं ते प्रत्येक स्क्रिप्टमधून बाहेर काढून एका जागी ठेवलेल्या सामाईक कोडमुळे, असं माझं मत आहे. नुसत्या चाचण्या कितीही चांगल्या असत्या, तरी त्या एक्सएफएसबरोबरच राहिल्या असत्या.

ही सोय कशी चालते ते पाहण्यासारखं आहे. चाचणी लिहिणारा फक्त 'स्क्रॅच डिव्हाइसवर', म्हणजे हवं तेव्हा पुसता येईल अशा चाचणीच्या डिस्कवर, 'नवी फाइलसिस्टीम बनव' एवढंच म्हणतो. कोणती आणि कशी, हे सामाईक फाइलमधलं '_स्क्रॅच_एमकेएफएस' हे फंक्शन ठरवतं. एनएफएस या नेटवर्कवरून वापरायच्या फाइलसिस्टीमच्या बाबतीत तर क्लायंटच्या बाजूने नवी फाइलसिस्टीम बनवताच येत नाही. मग हेच फंक्शन निमूटपणे सगळ्या फाइली पुसून मोकळी जागा देतं, आणि चाचणीला त्याचा पत्ताही लागत नाही. दुसरी युक्ती गाळण्यांची. निकाल ठरतो तो प्रत्यक्ष आउटपुट आधी जपून ठेवलेल्या अपेक्षित आउटपुटशी ओळीओळीने ताडून. पण चार हजार शहाण्णव बाइट लिहायला लागलेला वेळ दर यंत्रावर वेगळा, डिस्कचं नावही वेगळं. म्हणून वेळ आणि वेगाच्या आकड्यांच्या जागी नुसते एक्सएक्सएक्स आणि डिस्कच्या नावाजागी एकच ठरलेला शब्द घालणारी फंक्शनं सामाईक ठेवली. ही गाळणी नसती, तर तुलनेची सगळी पद्धतच एका प्रयोगशाळेच्या चार भिंतींत अडकली असती. सुरुवातीला सगळ्या चाचण्या एकाच डिरेक्टरीत अनुक्रमांकाने पडून असत. २०१३मध्ये त्या 'जेनेरिक', 'एक्सएफएस', 'बीटीआरएफएस' अशा वेगळ्या कप्प्यांत गेल्या आणि सामाईक फाइलींनाही स्वतःची डिरेक्टरी मिळाली. कुठली चाचणी सर्वांची आणि कुठली घरची, हे तेव्हा उघड दिसू लागलं.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. सामाईक फंक्शनच चुकलं तर शेकडो चाचण्या एकदम खोटं बोलतील. 'ही सोय इथे उपलब्ध आहे का' हे तपासणाऱ्या फंक्शनने चुकून 'नाही' म्हटलं, तर चाचणी नापास होत नाही, ती गाळली जाते. आणि गाळलेली चाचणी कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. हा धोका खरा आहे. पण दुसरी वाट म्हणजे तोच कोड प्रत्येक स्क्रिप्टमध्ये चिकटवणं, आणि तिचा अनुभव याच संचाने घेतला आहे. कितीतरी वर्षं प्रत्येक चाचणीच्या डोक्यावर तोच मजकूर उतरवला जाई: तात्पुरत्या फाइलीचं नाव, बाहेर पडताना आवराआवर करणारा 'ट्रॅप', आणि 'स्टेटस=१' या ओळीपुढे अपयश हेच गृहीत असल्याची टीप, उद्गारचिन्हासकट. ओळ शहाणपणाची होती, कारण मध्येच कोलमडलेली चाचणी त्यामुळे चुकून पास ठरत नसे. तरीही ती शेकडो ठिकाणी होती, आणि त्या मजकुरात काही बदलायचं म्हणजे सगळ्या फाइलींना हात लावणं आलं. २०२१मध्ये हा मजकूर एका सामाईक फंक्शनमध्ये गेला. चूक सामाईक कोडमध्येही होणारच, पण तिथे ती एका जागी सापडते आणि एका जागी दुरुस्त होते; शिवाय गाळलेल्या चाचणीचं कारण अहवालात छापलं जातं, वाचायची तसदी घेतली म्हणजे झालं.

दुसरी तक्रार अशी की अशी स्क्रिप्ट एकटी चालवता येत नाही आणि नवख्याला ती कळत नाही. यात तथ्य आहे. कर्नलमधला दोष दाखवायला दहा ओळींची सुटी स्क्रिप्ट अजूनही बरी पडते. मात्र दोष एकदा सापडला की त्याची चाचणी सुटी ठेवणं परवडत नाही, कारण तोच दोष उद्या दुसऱ्या फाइलसिस्टीममध्ये निघू शकतो. पॅरागॉन कंपनीची एनटीएफएस३ ही फाइलसिस्टीम २०२१मध्ये लिनक्स ५.१५मध्ये दाखल झाली, ती या जुन्या एक्सएफएस-संचातून तपासून घेतल्यावरच.