झाकलेल्या दिव्याची कुळकथा

इव्हँजेलिकल पंथाच्या अनेक चर्चमध्ये आज वेदीच्या जागी प्रशस्त मंच असतो, मंचामागे पांढऱ्या पन्हळी प्लॅस्टिकच्या किंवा ताणून बसवलेल्या कापडाच्या आकृती उभ्या केलेल्या असतात, आणि त्यांवर प्रोजेक्टरची चित्रे व एलईडी दिव्यांचे रंग टाकून प्रवचनमालेच्या विषयाला साजेसे दृश्य रचले जाते. या रचनेचे मूळ रॉक संगीताच्या मैफलींत शोधण्याचा प्रघात आहे आणि यंत्रसामग्रीपुरता तो योग्यही आहे. परंतु दिवा डोळ्यांआड ठेवायचा आणि उजेड तेवढा दाखवायचा, ही तिच्या मुळाशी असलेली कल्पना चर्चच्याच घरात वाढलेली असून ती चार शतकांची जुनी आहे. मराठीत ‘नेपथ्य’ हा एकच शब्द पडद्यामागची जागा आणि मंचावरची दृश्यरचना अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो, आणि या इतिहासाला त्याहून चपखल शब्द सापडणे कठीण आहे.

सोळाव्या शतकात मिलान शहरात ‘चाळीस तासांची आराधना’ ही भक्ती रुजली. ख्रिस्ताचा देह कबरेत चाळीस तास होता या परंपरागत गणनेला धरून तेवढा वेळ पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर मानली जाणारी अभिमंत्रित भाकर, वेदीवर दर्शनासाठी ठेवावी आणि भाविकांनी आळीपाळीने अखंड प्रार्थना करावी, असे तिचे स्वरूप होते. 1556 मध्ये माचेराता येथे येशूसंघीय धर्मगुरूंनी ही आराधना मुद्दाम कार्निव्हलच्या, म्हणजे उपवासकाळाआधीच्या बेबंद उत्सवाच्या, दिवसांत भरवली, आणि 1592 मध्ये पोप आठवे क्लेमेंट यांनी ती रोममधील चर्चमध्ये पाळीपाळीने अखंड चालावी अशी व्यवस्था लावून दिली. बाहेर रस्त्यावर नाटके आणि सोंगे रंगात आलेली असताना लोकांना आत आणायचे, तर आतही डोळ्यांचे पारणे फेडणारे काही हवे होते, आणि त्यातून लाकूड, कापड व रंग यांची तात्पुरती वेदीसजावट जन्मली, जिला इटालियन भाषेत ‘अप्पारातो’ म्हणतात.

1628 च्या आगमनकाळात, नाताळापूर्वीच्या तयारीच्या त्या आठवड्यांच्या पहिल्या रविवारी, व्हॅटिकनच्या पाओलीना चॅपेलमध्ये जानलोरेन्झो बेर्निनी या शिल्पकाराने स्वर्गाच्या तेजाचा देखावा उभारला. तत्कालीन वृत्तांतानुसार त्यातील ढगांच्या मागे दोन हजारांहून अधिक दिवे तेवत होते आणि पाहणाऱ्याला त्यांतला एकही दिसत नव्हता. या लपवण्यामागे डोळ्याचे एक साधे शास्त्र आहे: उघडी ज्योत समोर आली की बाहुली आकसते आणि भोवतालचे सारे काळवंडते, उलट ज्योत आडोशाला ठेवून तिचा परावर्तित उजेडच येऊ दिला, तर त्याच तेलात पृष्ठभाग कितीतरी अधिक उजळ भासतो. त्यावर धार्मिक अर्थाचा थर चढला तो असा, की दिवाच दिसत नसल्यामुळे तेज साक्रामेंतातूनच फाकत आहे असे भाविकाला वाटावे. पुढे आन्द्रेया पोत्सो या येशूसंघीय ब्रदरने 1685 मध्ये रोमच्या जेझू चर्चमध्ये काना गावच्या लग्नाचा देखावा साकारला, त्यात रंगवलेल्या कापडी चौकटी एकीमागे एक उभ्या करून खोलीचा आभास निर्माण केला होता. त्याची आकृती त्याने 1693 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या यथार्थदर्शनावरील ग्रंथात दिली आहे.

चित्रच प्रकाशाने काढण्याची विद्याही याच शतकातली. डच शास्त्रज्ञ क्रिस्टियान हायगेन्स याच्या 1659 मधील वहीत भिंगाच्या कंदिलासाठी, म्हणजे मॅजिक लँटर्नसाठी, काढलेली, हलणाऱ्या सांगाड्याची रेखाटने आढळतात. रोमच्या येशूसंघीय महाविद्यालयातील आथानासिउस किर्खर याने प्रकाशावरील आपल्या ग्रंथाच्या 1671 च्या आवृत्तीत कंदिलाचे चित्र छापले, त्यात मात्र चित्राची काच चुकीने भिंगाच्या पुढे दाखवली गेली आहे. प्रॉटेस्टंट पंथांचे प्रकरण याहून विलक्षण आहे. 1524 मध्ये झुरिकच्या सुधारकांनी चर्चमधील चित्रे व मूर्ती हटवल्या आणि भिंतींना चुना लावला. चित्रांना नकार देणाऱ्या त्याच परंपरांनी तीन-साडेतीन शतकांनी पांढऱ्या पडद्यावर पुन्हा चित्रे पाहिली, आणि त्यांना उजळण्यासाठीही चुनाच कामी आला. ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या ज्योतीत कळीच्या चुन्याचा गोळा तापवला की तो डोळे दिपवणारा पांढरा उजेड देतो, तोच ‘लाइमलाइट’. साल्वेशन आर्मीने 1892 मध्ये मेलबर्न येथे याच नावाचा विभाग स्थापला, आणि 13 सप्टेंबर 1900 रोजी तेथील टाउन हॉलमध्ये त्याने ‘सोल्जर्स ऑफ द क्रॉस’ हा कार्यक्रम सादर केला, ज्यात सुमारे 200 रंगीत काचचित्रे, छोट्या चित्रफिती, संगीत आणि प्रवचन एकत्र गुंफलेले होते. आजच्या प्रक्षेपणयुक्त उपासनेचा थेट पूर्वज म्हणून एकाच प्रयोगाचे नाव घ्यायचे झाल्यास ते हेच घ्यावे लागेल.

हीच विद्या महाराष्ट्रात दुसऱ्या दैवतांच्या सेवेला लागली. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी हाताने रंगवलेल्या काचांतून पौराणिक कथा दाखवल्या आणि मॅजिक लँटर्नला ‘शांबरिक खरोलिका’ असे संस्कृत नाव दिले, ज्यातील पहिले पद शंबरासुराच्या मायेची आठवण देते. दादासाहेब फाळके यांनी गिरगावात ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला आणि त्यांच्या मनात राम-कृष्णांची चित्रे उभी राहिली, त्यातून 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ घडला. पडद्यावरचा ख्रिस्त भारतीय चित्रपटाच्या जन्माशी असा जोडलेला आहे.

चर्चच्या मंचावरचे विसाव्या शतकातील टप्पे थोडक्यात सांगता येतात. लॉस एंजलिसमध्ये 1923 साली उघडलेल्या एंजेलस टेंपलमध्ये एमी सेंपल मॅकफर्सन यांनी नेपथ्यासह ‘सचित्र प्रवचने’ रूढ केली. 1975 मध्ये शिकागोजवळील विलो क्रीक चर्चची सुरुवातच भाड्याच्या चित्रपटगृहात झाली. आणि गीतपुस्तकाची जागा ओव्हरहेड प्रोजेक्टरने घेतल्यावर पडदा उपासनेचा नित्य भाग झाला. एका तारेवरून 512 स्वतंत्र वाहिन्यांना आज्ञा देणारा डीएमएक्स हा संकेत 1986 मध्ये ठरला, तर 1993 मध्ये शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी तयार केला, तेव्हा कुठे लाल व हिरव्याच्या जोडीला निळा येऊन एकाच दिव्यातून हवा तो रंग मिसळणे शक्य झाले.

तरीही नेपथ्यकारापुढचा पेच बेर्निनीच्या काळचाच आहे. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही, काळे म्हणजे जिथे उजेड पोहोचला नाही ती जागा. म्हणून प्रवचनकाराच्या चेहऱ्यावरचा किंवा एलईडीचा सांडलेला उजेड पडद्यावर पोहोचला की चित्र धुऊन निघते. त्यावर उपाय म्हणून चेहऱ्यावरचा प्रकाश वरून तिरपा घेतात आणि प्रवचनकाराला पडद्यापासून दूर उभे करतात, मागची भिंत बिनचकाकीच्या काळ्या रंगाने रंगवतात, आकृतींबाहेरचा चित्रभाग संगणकात काळा करतात, आणि एलईडीच्या पट्ट्या पन्हळी प्लॅस्टिकच्या पत्र्यांच्या मागच्या कडेला अशा चिकटवतात की बाकांवरून पत्र्याभोवतीची आभा दिसते, पट्टी दिसत नाही. प्रवचनमाला संपली की हे पत्रे उतरवून गोदामात ठेवले जातात आणि पुढच्या मालेसाठी नव्याने कापले जातात, जसे चाळीस तास सरल्यावर रोममधील सुतार ढग उतरवून ठेवीत.