नावं आहेत, चित्रं गेली

नाणेघाटाच्या माथ्यावर, घाटघरच्या अंगानं गेलं की नळीच्या तोंडाशी लेणं लागतं. आतल्या डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मीतला लांबलचक लेख आहे. सातवाहनांचा, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ, आणि प्रत्येकाची दक्षिणा: इतक्या गायी, इतके घोडे, हत्ती, इतके कार्षापण. यज्ञांपेक्षा त्या आकड्यांचंच अभ्यासकांना जास्त अप्रूप, कारण आपल्याकडचे फार जुने कोरलेले अंक इथे सापडतात. पंडित भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात त्यांवर सविस्तर लिहिलं.

माझा जीव अडकतो तो समोरच्या भिंतीत. तिथे राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती ओळीनं उभ्या होत्या, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नाव कोरलेलं. सिमुक सातवाहन. मग देवी नायनिका आणि राजा सिरि सातकनि, दोघांची मिळून एकच ओळ, आणि त्यात राणीचं नाव आधी. पुढे कुमार भाय, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. मूर्ती फुटून गेल्या. खाली कुठेकुठे पावलांच्या खुणा उरल्या आहेत आणि वर नावं. चित्रकथेच्या पानावरची चित्रं कुणी खरवडून न्यावीत आणि मथळे तेवढे ठेवावेत, तसं.

आमच्या सहलीबरोबर आलेले सर लेखातल्या दानांबद्दल सांगत होते. मी भिंतीवर चौकटी आखत होते, मनातल्या मनात. राणी किती उंच असेल? नवरा-बायकोला एकच मथळा दिला म्हणजे ती दोघं खेटून उभी असणार. कुमारांपैकी कोण लहान, कोण मोठा? इतिहासाच्या पुस्तकात मला असले प्रश्न कधी पडले नव्हते. गेलं वर्षभर ग्राफिक कादंबऱ्या वाचून डोळ्यांना जी खोड लागली, तिचा हा परिणाम.

मी घोडेगावची. कॉलेजला जुन्नरला जाते. ही पुस्तकं मला पुण्याला शिकणाऱ्या एका मैत्रिणीमुळे मिळाली आणि मी ती इंग्रजीतून, अडखळत, मोबाइलवर शब्द शोधत वाचली. पहिलं ‘भीमायन’, २०११ सालचं. बाबासाहेबांच्या आयुष्यातले प्रसंग दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढलेत. त्यात सरळ चौकटी जवळजवळ नाहीतच. मऊ, भल्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि जातीचं विष ओकणाऱ्या बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. हे कळलं त्या रात्री मी सगळं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून चाळलं, नुसते फुगे बघत. मसूर स्टेशनवर उतरलेली लहान पोरं, त्यांना न्यायला कुणी आलेलं नाही, आणि जात कळल्यावर स्टेशन मास्तरचा बदललेला चेहरा. हा प्रसंग मला शाळेपासून माहीत होता. तरी मी तो पहिल्यांदा पाहिला.

मग महात्मा फुल्यांच्या ‘गुलामगिरी’वर बेतलेलं ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’. मग आर्ट स्पीगलमनचं ‘माऊस’, ज्यात ज्यू उंदीर आणि नाझी मांजरं. त्याला १९९२ साली पुलित्झर मिळालं. सगळ्यात शेवटी ओरिजित सेनचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’, १९९४चं, नर्मदेच्या धरणावरचं. भारतातली पहिली ग्राफिक कादंबरी म्हणून त्याचं नाव घेतात. त्याच्याबद्दल पुढे बोलेन, कारण ते वाचून मी घरात भांडण लावलं.

घरात या वेडाला पहिली प्रतिक्रिया अशी आली की हे सगळं बाहेरचं फॅड आहे. आप्पा म्हणजे माझे वडील, त्यांचंही हेच मत. म्हणून मी मागे मागे शोधत गेले, आणि पहिलाच धागा जुन्नरच्या कागदापाशी निघाला.

जुन्या मोडी कागदपत्रांत आणि पोथ्यांच्या अभ्यासात ‘जुन्नरी’ ही कागदाची जात म्हणून भेटते, ‘दौलताबादी’च्या शेजारी. निजामशाहीची सुरुवात जुन्नरातूनच झाली. मलिक अहमदनं १४९० साली स्वतंत्र राज्य उभं केलं तेव्हा त्याचं ठाणं इथे होतं, अहमदनगर नंतर वसलं. दरबार आला की दप्तर येतं, आणि दप्तराला कागद लागतो. कागद करणारे मुसलमान कारागीर, कागदी. पुण्यात कसब्यातल्या कागदीपुऱ्याचं नाव त्यांच्यावरूनच पडलं.

काम ओलं आणि कष्टाचं. जुनी गोणपाटं, दोरखंड, फाटकी जाळी तोडून तुकडे करायचे, चुन्याच्या पाण्यात भिजत घालायचे, ढेकीखाली कुटायचे, वाहत्या पाण्यात धुवायचे, पुन्हा चुना, पुन्हा कुटणं. रांध्याची पेज झाली की ती हौदात कालवायची. गवताच्या बारीक काड्यांची चटई बसवलेला साचा त्यात बुडवून आडवा वर काढायचा, पाणी गळून जातं आणि वर पातळ थर राहतो. तो थर म्हणजे कागद. ओला ताव गुळगुळीत सारवलेल्या भिंतीला चिकटवून वाळवायचा. पण एवढ्यावर शाई टिकत नाही, फुटते. म्हणून खळ लावायची, पुन्हा वाळवायचं, आणि मग फळीवर ठेवून गुळगुळीत दगडानं किंवा शंखानं घोटायचं. घोटल्यावर त्याला जी झळाळी येते, तिच्यावर बोरू अडखळत नाही. मोडी लिहिणारा हात न उचलता सपासप पुढे जातो, तो या घोटाईच्या जिवावर.

पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल बांधून ठेवलेत. त्यातल्या कागदांवर काय आहे? हिशेब, वसुली, पत्रं, जबान्या, निवाडे. मुलानं वाचावं असं त्यात काही नाही, आणि गावातल्या बहुतेकांनी वाचावं असंही नाही. त्यांच्याबद्दल मात्र त्यात पुष्कळ आहे. जुन्नरनं कागद केला, कुळाचं नाव त्यावर चढलं, आणि कुळाला ते नाव वाचता येत नव्हतं. मग एकोणिसाव्या शतकात गिरण्यांचा स्वस्त कागद आला आणि हातकागदाचा धंदा बसत गेला. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या चळवळीतून १९४० साली पुण्यात हातकागदाचं केंद्र निघालं, शिवाजीनगरला. जुन्नरात आज मी ज्या दुकानातून स्केचबुक घेते, तिथला कागद कुठून येतो हे दुकानदारालाही सांगता येत नाही.

चित्रातून गोष्ट सांगणं तरी आपल्याकडे होतं का? होतं, आणि ते मला सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळीत सापडलं. तिथले ठाकर कलावंत चित्रकथीच्या पोथ्या बाळगून आहेत. एकेका आख्यानाची सुटी चित्रं, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली. गाणारा वीणेवर आख्यान लावतो आणि प्रसंग पुढे सरकला की चित्र पालटतो. राम वनात निघाला, पालट. मारीच हरीण होऊन आला, पालट. त्यांना सावंतवाडीकरांचा आश्रय होता. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पेपरात ती चित्रं छापून आली होती. तशीच जुनी, पैठणच्या नावानं ओळखली जाणारी चित्रं पुण्याच्या केळकर संग्रहालयात आहेत. मोठे गोल डोळे, बाजूनं काढलेले चेहरे, मोकळी जागा शक्य तितकी कमी. राक्षस तर असे की मार्व्हलवाल्यांनी रांगेत उभं राहावं.

चित्र, मग पुढचं चित्र, मधली जागा ऐकणाऱ्यानं भरायची. ग्राफिक कादंबरी याहून फार वेगळं काय करते? आप्पांना हे ऐकवलं तर ते म्हणाले, “पिंगुळी कोकणात. आपल्याकडं काय होतं?” मुद्दा बिनतोड होता. आपल्याकडे तमाशा होता. नारायणगाव आजही तमाशाची पंढरी आहे, आणि गोष्ट ऐकायची हौस या भागानं वगनाट्यात भागवली. वग कागदावर उतरून पोरांच्या हाती आला नाही, एवढंच.

पोरांच्या हातात चित्रांची पानं आली ती एस.टी.च्या वाटेनं. आप्पांच्या तोंडून या काळाची हकीकत ऐकावी. आजोबा हिरडा विकायला खाली उतरत. हिरड्याला भाव बरा मिळाला असला तर येताना ‘चांदोबा’ यायचा. नाही मिळाला तर नुसतं मीठ-मिरची. ‘चांदोबा’ मद्रासहून निघे, मराठीत १९५२पासून. त्यातलं विक्रम-वेताळाचं चित्र, खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार, शंकर नावाच्या तमिळ चित्रकाराचं होतं, हे आप्पांना मी परवा सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना, त्यांच्या लेखी तो राजा आपल्याच मुलखातला होता. मंचरच्या स्टँडवर इंद्रजाल कॉमिक्स टांगलेली असायची. टाइम्सवाल्यांनी ती १९६४ साली काढली, १९९०च्या सुमारास बंद झाली. आप्पांनी विकत कधीच घेतली नाहीत. गाडी लागेपर्यंत उभ्या उभ्या वाचायची आणि स्टॉलवाला ओरडला की ठेवायची. आणि हाच माणूस मला फॅड म्हणतो.

शाळेत ‘किशोर’ यायचा, बालभारतीचा, १९७१च्या नोव्हेंबरात सुरू झालेला. एक अंक वर्गभर फिरून येईपर्यंत त्याची पानं मऊ पडत. आणि ‘अमर चित्र कथा’, अनंत पैंनी १९६७मध्ये मुंबईत सुरू केलेली. तिच्यातला ‘शिवाजी’ आप्पांच्या पिढीला पाठ. पण शिवनेरी समोर बघत वाढलेल्या पोरांनी चित्रातला किल्ला बघितला की वाद ठरलेला. आमची चुलत भावंडं अजूनही घालतात: हा दरवाजा असा नाही, साखळीची वाट कुठंय, गंगा-जमुना टाक्या काढल्याच नाहीत.

हा वाद मला फार मोलाचा वाटतो. शिवरायांचा जन्म इथला, १६३०चा, आणि त्याचं चित्र काढणारे मुंबई-पुण्याचे. गोष्टी मद्रासहून, इंद्रजालमधला वेताळ म्हणजे फँटम न्यूयॉर्कहून. वाचायला आम्ही कायम तयार होतो, रेखाटायला कुणी बसवलं नाही. बाबासाहेबांची गोष्ट भोपाळला राहणाऱ्या गोंड कलावंतांनी काढली आणि ती जगभर गेली, कारण त्यांनी ती आपल्या घरच्या रेघेनं काढली. हे मला ‘भीमायन’ वाचल्यापासून टोचत होतं. ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’नं ते दुखणं उघडंच केलं.

त्या पुस्तकात दोन गोष्टी शेजारी शेजारी चालतात. एकीकडे मालगू गायन हा आदिवासी गायक जग कसं निर्माण झालं ते गातो, दुसरीकडे शहरातला पत्रकार धरणाची बातमी करायला येतो. गायकाच्या पानांवरची रेघ वाहती, पत्रकाराच्या पानांवरची टोकदार. वाचताना मी नर्मदा विसरले. घोड नदीवर डिंभे धरण झालं, आणि ज्या गावाचं नाव आमच्या तालुक्याला आहे ते आंबेगावच पाण्याखाली गेलं. तालुक्याचं नाव कागदावर राहिलं, कचेरी घोडेगावात. पाणी फार उतरलं की जुन्या गावाचे अवशेष उघडे पडतात आणि लोक मोबाइल घेऊन फोटो काढायला जातात. आजीचं सासर तिथलं. ती जात नाही.

स्पीगलमननं ‘माऊस’ करताना बापाला समोर बसवून त्याच्या आठवणी टेप केल्या, आणि त्या बसण्यात झालेल्या कुरबुरीही पुस्तकात काढल्या. मी तेच केलं. फोन रेकॉर्डिंगला लावला आणि आजीला विचारलं, गाव कसं होतं. पहिले काही दिवस ती नुसती घरं मोजत राहिली: कुणाचं घर, त्याच्या शेजारी कुणाचं, मधे कुठला बोळ. मी बोटं मोडेपर्यंत नकाशा काढला. पेठेतला बाजार, हिरड्याची पोती, तराजूवाला मापात कसा मारायचा हे ती अभिनयासह सांगते. तराजूवाल्याच्या नाकावरून आमचे तीन कागद फाटले. मोजमापाच्या सरकारी माणसांनी घरांवर आकडे टाकले, तो भाग ती एका वाक्यात संपवते आणि चहा टाकायला उठते.

भांडण लागलं ते पहिल्या पानावरून. मला पहिल्या पानावर नुसतं पाणी हवं होतं, पानभर, आणि त्यातून वर आलेला कळस. आजीनं चष्मा वर करून ते पान बघितलं.

“हे काय?”

“धरण. सुरुवात.”

“पाणी शेवटाला आलं. तू आधी कशाला आणतीस?”

मी तिला सांगू लागले की कादंबरीत असं मागेपुढे करतात, वाचणाऱ्याला ओढ लागते. आप्पाही कधी नव्हे ते माझ्या बाजूनं बोलले, विक्रम-वेताळाचा दाखला देऊन. आजीचं म्हणणं एकच: आधी बाजार काढ, बैल काढ, तराजूवाला काढ, माणसं दिसू देत, मग काय बुडवायचं ते बुडव. सध्या पाणी चौथ्या पानावर ढकललंय. तिला तेही लवकर वाटतं.