वसईची वाडी आणि ताटातला इंद्याल

विरार लोकलमध्ये लटकून ऐकत असाल तर आधीच सांगतो, आज भूक लागणार आहे.

परवा रविवारी मी नालासोपाऱ्याहून वसई पश्चिमेच्या एका वाडीत जेवायला गेलो. केळीच्या बागेत टेबलं, ताटात इंद्याल आणि गरमागरम फुगे. शेजारच्या टेबलावरचा एकजण म्हणाला, “भारी! फार्महाऊस कल्चर आता वसईतपण आलं.”

आता? अरे, 1695 मध्येच होतं की!

त्या वर्षी जेमेल्ली कारेरी नावाचा इटलीचा वकील जग फिरता फिरता वसईत आला. शहराबाहेरच्या बागांच्या पट्ट्याला तो कासाबो म्हणतो. मला तरी त्यात आपला ‘कसबा’च ऐकू येतो. माड, आंबे, ऊस, पाणी ओढायची यंत्रं, आणि बड्या पोर्तुगीज घराण्यांची बागेतली घरं. उन्हाळ्यात ही मंडळी तिथं जायची. नुसती हवा खायला नाही हं, किनाऱ्यावर तेव्हा प्लेगसारखी साथ होती. लॉकडाऊनमध्ये ज्यांचं गावी घर होतं ते पळाले, तसंच.

आणि आत कोण, बाहेर कोण? त्याच्या वीसेक वर्षं आधी आलेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर शिंपल्यांची तावदानं लावलेल्या दुमजली हवेल्यांचं कौतुक करतो. मग सांगतो, की कोटाच्या आत मुक्काम फक्त ख्रिस्ती लोकांचा. वाणी-व्यापाऱ्यांनी संध्याकाळी इशारा झाला की बाहेर पडायचं. पोर्तुगीजांनी आपल्याला पाव, बटाटा, अननस हे शब्द दिले. पगार आणि तुरुंगही त्यांचेच, हे विसरू नका!

स्कॉटलंडमध्ये जमीनदारांच्या जुन्या हवेल्यांची पुढं हॉटेलं झाली. मालकाच्या जेवणघरात आज पैसे देऊन कुणीही बसतं. वसईत तसं झालं नाही. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं किल्ला घेतला आणि मालक गेले. राहिले ते वाडीत राबणारे, आणि त्यांच्या चुलीवरचं जेवण. पोर्तुगीज लोक मांस वाइन आणि लसणात मुरवायचे. इथं वाइनच्या जागी सिरका आला, वर अमेरिकेतून आलेली मिरची पडली. गोव्यात त्याचं विंदालू झालं, वसईत इंद्याल. फुग्यांचं पीठ तर पूर्वी ताडी घालून फुगवायचे.

जेवताना मी पाणी मागितलं. वाढणाऱ्या मावशींनी जारकडं बोट दाखवलं. “विहिरीचं आता खारट लागतं. तू कुठला रे बाबा?”

“नालासोपारा. नव्या बिल्डिंगी झाल्यात ना, तिथं.”

“तिथं आमच्या आत्याची केळी होती.”

मला काय बोलावं सुचेना. मावशींनी न विचारता आणखी दोन फुगे ताटात टाकले.