छपाईची शाई आणि तिची निवड : एकोणिसाव्या शतकातील दोन प्रसंगांचा अभ्यास

प्रस्तावना

मुद्रणकलेचा इतिहास लिहिताना यंत्र, खिळे आणि मुद्रक यांना जेवढे स्थान मिळते तेवढे शाईला मिळत नाही. वस्तुतः कागद आणि यंत्र उत्तम असूनही शाईची निवड चुकली तर छपाई फसते. शिवाय शाई हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही. छापलेला कागद कोणाच्या हाती जाणार, तो कशासाठी वापरला जाणार आणि किती काळ टिकणे अपेक्षित आहे, या बाबीही शाई ठरवितात. प्रस्तुत लेखात मुंबई येथील १८३१ चे पंचांग व कलकत्ता येथील १८५४ चे टपाल तिकीट या दोन प्रसंगांच्या आधारे हा मुद्दा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

हस्तलिखिताची शाई व मुद्रणाची शाई

मुद्रणपूर्व काळात पोथ्या बोरूने लिहिल्या जात. त्यासाठी काजळ, डिंक व पाणी यांपासून केलेली शाई वापरीत. ही शाई हातकागदावर उत्तम बसे. परंतु धातूच्या खिळ्यांवर पाण्याची शाई सारखी पसरत नाही, तिचे थेंब होतात. म्हणून युरोपात पंधराव्या शतकात खिळाछाप सुरू झाली तेव्हाच तेलाची शाई वापरात आली. जवसाचे तेल कढवून घट्ट करावयाचे आणि त्यात काजळ घोटावयाचे, अशी तिची मूळ कृती होय. जवसाचे तेल हवेच्या संपर्काने वाळून घट्ट होते. त्यामुळे अक्षर पुसले जात नाही.

शिळाछापाची गरज निराळी होती. आलोइस सेनेफेल्डर याने १७९६ च्या सुमारास बव्हेरियात शोधलेली ही पद्धती तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत या तत्त्वावर आधारलेली आहे. दगडावर स्निग्ध शाईने अक्षर काढावयाचे आणि दगड ओला करावयाचा. मग रूळ फिरविला असता छपाईची शाई केवळ अक्षरालाच धरते. म्हणजे येथे दोन शाया लागतात : दगडावर लिहिण्याची आणि प्रत काढण्याची. यांपैकी लिहिण्याच्या शाईत मेण, साबण व काजळ यांबरोबर जनावराची चरबी घालण्याचा युरोपात प्रघात होता.

तुपाची शाई : मुंबई, १८३१

याच चरबीने मुंबईत प्रश्न निर्माण केला. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात मुद्रणाचा अनुभव घेतलेल्या गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचा छापखाना उभारला आणि १८३१ मध्ये शके १७५३ चे मराठी पंचांग शिळाछापावर प्रसिद्ध केले. दगड मिळविण्यापासून शाई तयार करण्यापर्यंतची बहुतेक सर्व कामे त्यांनी स्वतःच्या प्रयोगांतून साध्य केली.

पंचांग ही देवघराशी निगडित वस्तू. छापील कागदाच्या शाईत चरबी असते या समजुतीने सनातनी मंडळी अशा कागदाला स्पर्श करीत नसत. हा विरोध तात्पुरता नव्हता. गोविंद नारायण माडगावकर यांनी १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथात छापील कागदाचा विटाळ मानणारे लोक तेव्हाही असल्याचे नमूद केले आहे. शिळाछापावरील लेखनशाईची वर सांगितलेली कृती पाहता ही शंका निव्वळ अज्ञानातून आली होती असेही म्हणता येत नाही.

गणपत कृष्णाजी यांनी वाद न घालता शाईच बदलली. धार्मिक ग्रंथांसाठी त्यांनी चरबीऐवजी तूप वापरून शाई केली, अशी मराठी मुद्रणाच्या इतिहासात नोंद आहे. तांत्रिकदृष्ट्या हा पर्याय विचार करण्याजोगा आहे. तूप जवसाच्या तेलाप्रमाणे वाळत नाही. त्यामुळे केवळ तूप व काजळ यांची शाई कागदावर पक्की बसणार नाही. मात्र चरबीचे स्निग्धतेचे काम ते करू शकते आणि शिळाछापाला मुख्यतः स्निग्धताच हवी असते. धर्मभावना आणि छपाईची पद्धती यांचा मेळ येथे बसला. या निवडीमागे केवढा सामाजिक प्रश्न होता याची कल्पना पुढे १८५७ मध्ये काडतुसांच्या चरबीवरून उसळलेल्या असंतोषावरून येते.

हिंगुळी शाई : कलकत्ता, १८५४

दुसरा प्रसंग निवड फसल्याचा आहे. संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी टपाल तिकिटे छापण्याचे काम कलकत्त्यातील सर्व्हेअर जनरलच्या कार्यालयाच्या शिळाछापखान्यात कॅप्टन थुइलियर यांच्या देखरेखीखाली सुरू झाले. अर्ध्या आण्याचे तिकीट प्रथम हिंगुळी लाल रंगात छापावयास घेतले. त्यासाठी इंग्लंडहून आलेली शाई वापरली होती. ती संपल्यावर देशी हिंगुळाची शाई वापरून पाहिली. परंतु ठसे अस्पष्ट येऊ लागले व दगड खराब झाले. अखेर ते तिकीट जनतेसाठी विक्रीस आलेच नाही. अर्ध्या आण्यासाठी निळा रंग ठरला आणि लाल रंग एक आण्याच्या तिकिटाला मिळाला. १ ऑक्टोबर १८५४ पासून विक्रीस आलेल्या तिकिटांचे रंग असे शाईच्या अपयशातून ठरले. रंग सारखा दिसला म्हणजे शाई सारखी असते असे नाही, हा धडा या प्रसंगातून मिळतो.

नंतरच्या काळातील गरजा

पुढे छपाईचे प्रकार वाढले तशी शाईची विविधताही वाढली. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्यात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड वापरला जाई. एका रंगावर दुसरा रंग चढवून तिसरी छटा आणावयाची, तर वरची शाई पारदर्शक असावी लागते आणि रंगांचा क्रमही सांभाळावा लागतो. वृत्तपत्राची शाई स्वस्त खनिज तेलाची. ती वाळत नाही, कागदात शोषली जाते, म्हणून वाचकाच्या बोटांना लागते. एका दिवसाच्या वाचनासाठी तेवढे पुरते. टपाल व महसुली तिकिटांसाठी तर शिक्का धुवून काढू गेल्यास मूळ रंगही उतरावा अशी शाई मुद्दाम निवडली जाऊ लागली. ग्रंथाच्या दृष्टीने जो दोष, तोच तिकिटाच्या दृष्टीने गुण ठरला.

निष्कर्ष

१. शाईची निवड प्रथम मुद्रणपद्धतीवर अवलंबून असते. खिळाछापाला वाळणारे तेल हवे, तर शिळेवरील लेखनाला स्निग्धता हवी.

२. छापलेल्या वस्तूचे अपेक्षित आयुष्य व उपयोग यांनुसार टिकाऊपणाची कसोटी बदलते.

३. १८५४ च्या प्रसंगावरून दिसते की पर्यायी शाई प्रत्यक्ष दगडावर तपासल्याविना मोठ्या कामास वापरणे धोक्याचे असते.

४. १८३१ च्या प्रसंगावरून दिसते की वाचकाचा विश्वास हीदेखील शाईची एक कसोटी आहे.

मराठी मुद्रणाच्या वाटचालीत यांपैकी चौथी कसोटी विशेष महत्त्वाची ठरते. चरबीच्या शाईचे पंचांग ज्या घरात स्वीकारले गेले नसते, त्या घराचे दार तुपाच्या शाईने छापील अक्षरासाठी उघडले. म्हणूनच मराठी ग्रंथप्रसाराचा विचार करताना यंत्र व खिळे यांच्याइतकाच शाईचाही विचार होणे आवश्यक आहे.