गुरुत्वीय तरंग व खोडदचा रेडिओ दूरदर्शक

जुन्नर तालुक्यातील खोडदच्या परिसरात रेडिओ व्यत्यय कमी असल्याने टाटा मूलभूत संशोधन संस्थेने गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली तेथे ४५ मी. व्यासाच्या ३० आकाशकांचा (अँटेनांचा) दूरदर्शक उभारला. स्पंदक हे वेगाने फिरणारे न्यूट्रॉन तारे होत. गुरुत्वीय तरंगांमुळे त्यांचे नियमित रेडिओ स्पंद पृथ्वीवर किंचित लवकर वा उशिरा पोहोचतात. परंतु ताऱ्यांमधील आयनीभूत वायूमुळेही विलंब होतो. तो कमी कंप्रतांना अधिक ठळक असल्याने खोडदच्या निरीक्षणांवरून अचूक मोजून वजा करता येतो. यूरोपीय व भारत-जपानी गटांनी २५ स्पंदकांच्या सुमारे २५ वर्षांच्या नोंदींवरून जून २०२३ मध्ये या तरंगांचा पुरावा जाहीर केला. महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या हा त्यांचा संभाव्य उगम होय. निर्विवाद सिद्धतेसाठी मात्र आणखी निरीक्षणे आवश्यक आहेत.