ब्रेकची डिस्क हबला चिकटली? हातोडा उचलण्याआधी हे वाचा

चाक काढलं, कॅलिपर काढला, आता डिस्क हातात यायला हवी. पण ती जागची हलत नाही. घरी पहिल्यांदाच ब्रेकचं काम करणारे बरेच जण इथेच अडकतात.

कारण साधं आहे: गंज. डिस्क म्हणजेच रोटर बिडाचा असतो आणि हबवर घट्ट बसतो. मधल्या बारीक फटीत पाणी शिरलं की गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून फट भरते आणि दोन्ही भाग जाम होतात. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत हे आणखी लवकर होतं.

जोर लावण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. अनेक गाड्यांत डिस्कच्या तोंडावर एक-दोन छोटे स्क्रू असतात. साध्या स्क्रू ड्रायव्हरने त्यांची खाच झिजते, त्यामुळे हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरलेला बरा. दुसरी गोष्ट मागच्या चाकांची. काही गाड्यांत मागच्या डिस्कच्या आत हँडब्रेकचे शूज असतात. हँडब्रेक ओढलेला असेल तर डिस्क निघणारच नाही. तो सोडायचा, पण आधी पुढच्या चाकांना दगड लावून.

गाडी नुसत्या जॅकवर कधीच नको, खाली स्टँड हवाच. ठोकाठोकीत जॅक सरकू शकतो. कॅलिपरही ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत न ठेवता तारेने बांधून ठेवायचा.

बऱ्याच डिस्कवर आटे पाडलेली दोन भोकं असतात. ती रिकामी का, हा प्रश्न अनेकांना पडतो. ती याच कामासाठी असतात! त्यांत योग्य मापाचे (बऱ्याचदा 8 मिमीचे) बोल्ट आलटून-पालटून थोडे थोडे आवळले की ते हबवर टेकतात आणि डिस्कला बाहेर ढकलतात. एकच बोल्ट पूर्ण आवळला तर डिस्क तिरकी अडकते.

भोकं नसतील तर गंज सोडवणारा स्प्रे मधल्या गोलाभोवती आणि स्टडपाशी मारून थोडा वेळ थांबायचं. मग डोळ्यांवर गॉगल लावून, दोन स्टडच्या मधल्या भागावर, डिस्क फिरवत ठोकायचं. एक नट दोन-तीन आटे सैल लावून ठेवला तर डिस्क अचानक सुटून पायावर पडत नाही. पॅड घासतो त्या भागावर हातोडा मारायचा असेल, तर ती डिस्क भंगारात गेली असंच समजा. बेताबाहेर ठोकलं तर व्हील बेअरिंगही जातं, आणि ते डिस्कपेक्षा महागात पडू शकतं.

डिस्क निघाली की हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करायचा. बहुतेक जण हे टाळतात. मग नवी डिस्क किंचित वाकडी बसते आणि ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरतं.

सगळं जोडल्यावर, गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहायचं. नवे पॅड बसवताना कॅलिपरचा पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा पेडल थेट खाली जातं. हे रस्त्यावर गेल्यावर कळून उपयोग नाही.